बांधांच्या नदीचा देश

नाशिक,
मार्गशीर्ष, शके 1947

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दूध विरजत होते. एका हाताने फोन कानाला लावून कितीसं बोलणार! आणि तुझा प्रश्न असा की दोन वाक्यांत उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण सवडीने वाच.

दादाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचताना तू 'शके 1947'वर अडलीस आणि विचारलंस, "मावशी, शके म्हणजे शकांचं, तर मग हे शक आले कुठून?" उत्तराची वाट न पाहता त्याच दमात पांझरेवरच्या त्या जुन्या बंधाऱ्याचं सांगत सुटलीस. सांडव्याचे दगड निखळलेत, पाट गाळाने भरलाय, म्हाताऱ्या पाटकऱ्याने तुला काठाकाठाने हिंडवून कुठल्या फडाला कधी पाणी सोडायचं ते दाखवलं. तुला वाटलं असेल की विषय बदलला. मला तो बदललेला वाटलाच नाही. शकांचं गाव विचारलंस ना, त्या गावाची सगळी कथाच बांधाची आणि पाटाची आहे.

शक मूळचे मध्य आशियातल्या गवताळ मुलखातले, घोड्यावरचे लोक. पण ज्या भूमीला त्यांनी आपलं नाव दिलं ती सकस्तान, आजच्या उच्चारात सीस्तान. नकाशात इराणची पूर्वेची कड आणि अफगाणिस्तानचा नैर्ऋत्येचा कोपरा जिथे भेटतात तिथे बघ. सीमेच्या अलीकडे इराणात झाबोल, पलीकडे अफगाणिस्तानात झरंज. मधे सखल, सपाट, वाऱ्याने झोडपलेला प्रदेश. मी इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि याच्याबद्दल मुलांना एवढंच सांगत आले की हा प्राचीन इराणी साम्राज्याचा पूर्वेकडचा सीमाभाग. फळ्यावर खडूने एक रेघ ओढायची आणि पुढच्या धड्याला लागायचं. निवृत्तीनंतर निवांत वाचायला बसले तेव्हा कळलं, मी रेघ शिकवली, प्रदेश शिकवलाच नाही.

आधी नदी. हिंदुकुशाच्या डोंगरात, काबूलच्या पश्चिमेला ती उगम पावते, हजार किलोमीटरहून जास्त वाहते आणि समुद्राला मिळतच नाही. वाळवंटात उतरून पसरट उथळ तळ्यांमध्ये संपते. त्या तळ्यांना हामून म्हणतात. नदीचं आजचं नाव हेलमंद. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातलं नाव हएतुमंत. आता तू लहानपणी पाठ केलेला नियम आठव, आपला 'स' त्यांच्याकडे 'ह' होतो. सप्तचं हप्त, सिंधूचं हिंदू. तसं हएतुमंतचं संस्कृत रूप होतं सेतुमंत. आणि सेतू म्हणजे मुळात नुसता पूल नाही, पाणी अडवायला घातलेला बांधसुद्धा. बांध असलेली ती सेतुमंती! नदीला नाव दिलं ते तिच्या पाण्यावरून नाही, काठावरच्या माणसांनी तिच्यावर केलेल्या कामावरून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी होते.

पारशांच्या वेंदिदाद या ग्रंथात अहुरमझ्दाने घडवलेल्या सोळा उत्तम भूमींची यादी आहे. तीत ही भूमी अकरावी. तिच्या आधी दहावी हरह्वैती, म्हणजे आजच्या कंदाहारकडचा मुलूख. आपल्या 'सरस्वती'चंच ते रूप. आणि हामूनच्या तळ्यावर तर त्यांची सगळ्यांत मोठी आशा टेकलेली. जरथुष्ट्राचं बीज त्या तळ्यात राखलेलं आहे, युगाच्या शेवटी एक कुमारिका तिथे स्नान करील आणि तिच्या पोटी सोश्यंत, जगाचा तारणहार, जन्मेल अशी श्रद्धा. राजधान्यांच्या हिशेबी हा प्रदेश कडेला होता. धर्माच्या हिशेबी जगाचा शेवट आणि नवा आरंभ इथेच व्हायचा होता.

आता तुला एक वस्तू दाखवते. झाबोलच्या दक्षिणेला शहर-ए-सोख्ता नावाचं प्राचीन शहर आहे. नावाचा अर्थ जळालेलं शहर. इ.स.पू. 3200च्या सुमारास वसलेलं, इ.स.पू. 1800च्या सुमारास ओस पडलेलं, दीडशे हेक्टरांवर पसरलेलं. 1967 पासून इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं, पुढे इराणी पथकांनी ते चालवलं. 2006 साली तिथल्या एका थडग्यात एक बाई सापडली. जवळपास सहा फूट उंच, वयाने तिशीच्या आसपास, आणि तिच्या डाव्या खोबणीत कृत्रिम डोळा. साधारण इंचभर रुंदीचा अर्धगोल, डांबरासारख्या पदार्थाचा, वर सोन्याच्या पातळ थराच्या खुणा. मधोमध बुबुळ, आणि बुबुळातून चहूकडे निघालेल्या बारीक कोरीव रेषा, सूर्याची किरणं काढावीत तशा. दोन्ही कडांना एकेक भोक, दोरा ओवायला. खोबणीच्या कडेला त्या दोऱ्याच्या घर्षणाच्या खुणा मिळाल्या, म्हणजे तिने तो डोळा जिवंतपणी वापरला होता. मेल्यावर बसवलेलं ते शोभेचं लेणं नव्हतं. जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, सोनू! कुणीतरी कारागीर खाली मान घालून तिच्यासाठी त्या रेषा कोरत बसला असेल, आणि तो दोरा बांधून ती रोज घराबाहेर पडली असेल. लोक तिला बघून काय म्हणत असतील, कोण जाणे. मला तर ती डोळ्यांसमोर दिसते.

त्याच शहरात मातीचा एक पेला मिळाला. त्यावर एका बकऱ्याची पाच चित्रं ओळीने काढलेली. पेला फिरवला की बकरा उडी मारून झाडाचा पाला खातो. वीस घरांचा पट आणि फासेही मिळाले. निळा लाजवर्द दगड दूर बदख्शानातून इथे येई, कारागीर तो घासून मणी करत. मग असं गजबजलेलं गाव उठलं का? शत्रूच्या स्वारीने नव्हे. नदीच्या फाट्यांनी वाट बदलली आणि पाणी निघून गेलं. पुढे इराणी सम्राटांच्या काळात जवळच दहान-ए-घुलामान नावाचं नवं आखीव शहर वसलं, तेही थोड्याच शतकांत सोडावं लागलं. कारण तेच. सीस्तानात गाव मरायला फारसं काही लागत नाही, नदीने जरा कूस बदलली तरी पुरे.

सम्राटांचं आता थोडक्यात सांगते. इ.स.पू. 520च्या सुमारास दारयवहुने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या ताब्यातल्या 23 देशांची नावं कोरली. त्यात हा मुलूख 'झ्रंक' म्हणून येतो. झरंज हे आजच्या गावाचं नाव त्याच झ्रंकचा वंशज. अडीच हजार वर्षं लोकांनी ते तोंडातून पडू दिलेलं नाही. या मुलखावर सम्राटाचा जो सुभेदार असे, त्याच्या पदवीवरून आपल्याकडे 'क्षत्रप' हा शब्द आला. मूळ अर्थ राज्य राखणारा. आजही आपल्या वर्तमानपत्रांत प्रादेशिक पुढाऱ्यांना क्षत्रप म्हणतात, तो शब्द असा दूरवरून चालत आलाय.

ग्रीक लेखकांनी हेलमंदच्या काठच्या अरिअस्प नावाच्या लोकांची गोष्ट लिहून ठेवली आहे. इराणी सम्राट सायरसची फौज वाळवंटात उपाशी मरायला टेकली होती, तेव्हा या लोकांनी तीस हजार गाड्या भरून धान्य पाठवलं, म्हणून त्याने त्यांना 'उपकारकर्ते' अशी पदवी दिली. आकडा फुगवलेला असेल, पण त्यामागचं खरं दिसतं. वाळवंटाच्या मधोमध फौज पोसण्याइतकं धान्य पिकत होतं, ते पाटांच्या जोरावर. इ.स.पू. 330 मध्ये अलेक्झांडर तिथे पोचला तेव्हा त्यानेही त्यांना मानाने वागवलं. त्याच मुलखात त्याने आपला सेनानी फिलोतास याला कटाच्या आरोपावरून मारवलं, पण ते मॅसिडोनियाचं घरचं भांडण. त्यात मला फार शिरायचं नाही.

मग तुझे शक आले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात मध्य आशियात एका टोळीने दुसरीला रेटलं, दुसरीने तिसरीला, आणि शक दक्षिणेकडे लोटले गेले. त्यांना थोपवताना पार्थियाचा राजा दुसरा फ्रातेस इ.स.पू. 128च्या सुमारास लढाईत पडला. त्याच्यामागून गादीवर आलेला राजाही लवकरच अशाच लढाईत गेला. पुढे दुसऱ्या मिथ्रदातने त्यांना आवर घातला, पण तोवर ते हेलमंदच्या काठी स्थिरावले होते आणि भूमीचं नाव बदललं होतं. घोड्यावरून आलेले लोक नदीकाठी राहिले, शेतीत रुळले. फिर्दौसीच्या शाहनाम्यातला रुस्तम याच मुलखाचा, आणि त्याच्या कथा मुळात या शकांनी आणल्या असाव्यात असं पुष्कळ अभ्यासक मानतात. इराणचा सगळ्यांत लाडका वीर असा सीमेवरचा. राजा संकटात सापडला की सीस्तानला निरोप जायचा, आणि राजा विसरला की रुस्तम आपल्या घरी. सीमेवरच्या माणसांचं आणि राजधानीचं नातं असंच असतं, तुझ्या बाबांच्या फौजेतल्या गोष्टींवरून तुला ते माझ्याहून बरं ठाऊक.

तिथून शकांच्या शाखा बोलनच्या वाटेने सिंधमध्ये आणि पुढे पश्चिम भारतात उतरल्या. मथुरेला सिंहांचं एक स्तंभशीर्ष सापडलं, भगवानलाल इंद्रजींना, 1869 मध्ये. हे आपल्या भाऊ दाजी लाडांचे सहकारी, गावोगाव हिंडून शिलालेखांचे ठसे घेणारे. त्या स्तंभशीर्षावर खरोष्ठी लिपीत शक क्षत्रपांच्या घराण्यातल्या दानाचा लेख आहे, आणि त्यात एका ठिकाणी सगळ्या सकस्तानच्या सन्मानार्थ असे शब्द वाचले जातात. यमुनेच्या काठी राज्य करणारी ही माणसं, कदाचित सीस्तान डोळ्यांनी न पाहिलेलीही. तरी दान देताना त्यांना ती मागे राहिलेली भूमी आठवली. तू धुळ्याला राहून देवापुढे दिवा लावताना नाशिकच्या घराची आठवण काढतेस, असं म्हणाली होतीस ना?

आपल्या नाशिकशी असलेलं त्यांचं नातं तुला माहीत आहे, पुन्हा सगळं सांगत नाही. शक क्षत्रप नहपानाचं राज्य, त्याला हरवणारा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि 1906 साली जोगलटेंभीला सापडलेली सव्वातेरा हजार चांदीची नाणी, ज्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. इ.स. 78 पासून मोजला जाणारा संवत पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांनी आपल्या लेखांत आणि नाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरला, म्हणून त्यांचं नाव त्याला चिकटलं. तेच दादाच्या पत्रिकेवर आलंय. हे तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. पण मला थांबायचं नाही, कारण सीस्तानचं पुढे काय झालं ते तू ऐकायलाच हवंस.

सासानी काळात तिथे राजघराण्यातला कुणीतरी 'सकानशाह' म्हणून नेमला जाई. सातव्या शतकाच्या मध्याला अरब आले. आणि दोनशे वर्षांनी त्या मातीतून एक माणूस उठला, ज्याच्यावर माझा विशेष जीव आहे. याकूब, लैसचा मुलगा. त्याला सफ्फार म्हणतात, आणि सफ्फार म्हणजे चक्क तांबट! झरंजजवळच्या खेड्यातला, तांब्याची भांडी ठोकणारा पोरगा, शहरातल्या लढवय्या टोळ्यांत शिरला, 861 मध्ये झरंजचा धनी झाला, 873 मध्ये त्याने निशापूर घेतलं आणि 876 मध्ये थेट बगदादच्या खलिफावर चालून गेला. तिथे हरला, 879 मध्ये आजारपणाने गेला. पण त्याची मला आवडणारी गोष्ट लढाईची नाही. अकराव्या शतकातल्या 'तारीख-ए-सीस्तान' या ग्रंथात ती येते. विजयानंतर कवींनी दरबारात अरबीतून त्याची स्तुती गायली. याकूबला अरबी येत नव्हतं. जे मला कळत नाही ते मला कशाला ऐकवता, असं तो म्हणाला. तेव्हा त्याचा चिटणीस मुहम्मद बिन वसीफ याने फारसीत कविता रचली. नव्या फारसीतल्या दरबारी कवितेच्या उगमाची गोष्ट सांगताना ही कथा सांगितली जाते. राजधान्यांमधले विद्वान ज्या बोलीकडे बघत नव्हते, ती एका सीमेवरच्या तांबटाने दरबारात आणून बसवली.

आणि वारा! सीस्तानात उन्हाळ्यात चार महिने वायव्येकडून वारा घोंघावतो, त्याला ते एकशेवीस दिवसांचा वारा म्हणतात. वाळू उडते, डोळे उघडवत नाहीत. पण दहाव्या शतकातले इस्तखरी, मसूदी हे लेखक सांगतात की तिथले लोक याच वाऱ्यावर चक्क्या फिरवत, दळण दळत आणि बागांना पाणीही उपसत. पवनचक्कीचे जगातले सगळ्यांत जुने पक्के उल्लेख ते हेच. युरोपातल्या पवनचक्क्यांच्या पाती उभ्या गरगरतात; सीस्तानातल्या चक्कीचा आस उभा आणि पाती त्याच्याभोवती, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशा.

आता बांधांचं. तुझ्या कामाचं आहे, म्हणून नीट सांगते. हेलमंदचा तिथला मुख्य बांध दगडी नव्हताच. झाऊच्या फांद्यांच्या मोळ्या बांधायच्या, त्या नदीत रचायच्या, वर माती, पुन्हा मोळ्या. पूर आला की बांध वाहून जायचा आणि पूर ओसरला की गावोगावची माणसं जमून तो पुन्हा घालायची. दरवर्षी! कुणाच्या वाट्याला किती फांद्या, किती माणसं, हे ठरलेलं. तुझा पाटकरी जसा फडाफडाचा हिशेब तोंडपाठ सांगतो, तसा पाण्याचा हिशेब ठेवणारा त्यांचा मीराब. इतक्या कच्च्या बांधावर ती वस्ती शतकानुशतकं टिकली, कारण तो दरवर्षी नव्याने घालणारे हात टिकले होते.

मग 1383 मध्ये तैमूर आला. झरंज लुटलं, माणसं कापली, बांध फोडले. पंचवीस वर्षांनी त्याच्या मुलाने, शाहरुखने, उरलेसुरले बांधही फोडले. मंगोल आले तेव्हाही कत्तल झाली होती, तरी गावं पुन्हा उभी राहिली होती. बांध गेल्यावर मात्र एरवी नुसता त्रास देणारा तो वारा मारेकरी झाला. सुकलेल्या शेतांवर वाळू चढत गेली. अफगाणिस्तानच्या बाजूला सार-ओ-तार म्हणून मैदान आहे, तिथे वाळूच्या टेकड्यांखालून जुने कालवे, शेतांचे बांध, घरांच्या भिंती आजही डोकावतात. माझ्या मते तैमूरचा सगळ्यांत मोठा गुन्हा तो. माणसं मारण्याचा गुन्हा पुष्कळांनी केला, याने पुढच्या पिढ्यांचं पाणी मारलं.

शेवटी इंग्रज मोजपट्टी घेऊन आले. 1872 मध्ये गोल्डस्मिडने इराण आणि अफगाणिस्तान यांच्यात सीस्तान वाटून दिलं, 1903 ते 1905 मॅकमहनच्या पथकाने पुन्हा मोजणी केली. हो, आपल्या ईशान्येच्या सीमारेषेवाला मॅकमहन तोच. जमीन वाटली गेली, पण नदी वरच्या अंगाला एकाची आणि तळी खालच्या अंगाला दोघांची. 1953 मध्ये अफगाणिस्तानात वर कजाकीचं धरण झालं. 1973 मध्ये करार झाला, इराणला दर सेकंदाला 26 घनमीटर पाणी. त्या वाटणीवरून आजही तंटा आहे. 2021 मध्ये खाली कमाल खान धरण सुरू झालं, 2023 मध्ये त्या सीमेवर गोळीबार होऊन माणसं मेली.

आणि हामून? तिथे बोरूच्या मोळ्या बांधून केलेल्या निमुळत्या नावा असायच्या, तूतन म्हणतात त्यांना. मासेमार आणि पाखरं धरणारे लांब बांबूने त्या ढकलत बोरूच्या रानातून जायचे. हजारो पाणपक्षी, काठावर चरणारी गुरं. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीला दुष्काळ पडला, वरून पाणी आलं नाही, आणि ते तळं सुकून भेगाळलं. मधे कधी पाणी येतं, पुन्हा जातं. तळ्याच्या तळाची माती वाऱ्यावर उडून झाबोलच्या घराघरांत शिरते. मी सुकलेल्या चिखलात आडव्या पडलेल्या एका तूतनचा फोटो पाहिला. ज्या पाण्यातून सोश्यंत यायचा, तिथे पायाला ओल लागत नाही.

तू विचारलंस की पांझरेच्या बंधाऱ्याला लागणारा पैसा आणि वेळ वरच्यांना कसा पटवू. मला सरकारी भाषा येत नाही. पण त्या पाटकऱ्याला जे तोंडपाठ आहे ते सगळं आधी वहीत उतरवून घे, दगडांच्या हिशेबाच्याही आधी. कुठल्या फडाला कधी, सांडव्याची डागडुजी कोण करायचं, वर्गणी कशी काढायची, सगळं. तारीख घाल, पाटकऱ्याचं वय घाल.

लग्नाला चार दिवस आधी ये, आयत्या वेळी नको. एका सकाळी ऊन चढायच्या आत आपण पांडवलेण्यांवर जाऊ, दहाव्या लेण्यात. माझे गुडघे आता बोलतात, पण तुझा हात धरून चढेन. तिथे नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण महिना एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने ठेवले, भिक्षूंना कापड मिळावं म्हणून, ते तुला माहीत आहे. पण त्याच भिंतीवर त्याने विहिरी आणि तळी केल्याचं आणि सहा नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा ठेवल्याचंही लिहिलंय. ती ओळ अजून वाचता येते. मी बोट ठेवून दाखवीन: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका.

तुझी,
मावशी